दोन यार्ड आणि ११९ संघ

४ जानेवारी २००६ च्या रात्री कॅलिफोर्नियातल्या पासाडेना गावी अमेरिकी कॉलेज फुटबॉलचा विजेतेपदाचा सामना झाला. एकीकडे सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ, ज्याला सगळे यूएससी म्हणतात, आणि दुसरीकडे टेक्सास विद्यापीठ. रोझ बाउल स्टेडियममध्ये ९३,९८६ प्रेक्षक होते, टीव्हीसमोर साडेतीन कोटींच्या वर. यूएससीने चेंडू एकूण ५७४ यार्ड पुढे नेला, टेक्सासने ५५६. सामना मात्र टेक्सासने जिंकला, ४१-३८ असा.

तीन गुणांनी हरलेल्या, पण मैदानावर जास्त मजल मारलेल्या संघाला ‘कमी दर्जाचा’ म्हणायचं का? क्रीडारसिक म्हणेल, फलक बघा आणि गप्प बसा. संख्याशास्त्रज्ञ इतक्या सहज गप्प बसत नाही. आणि या खेळात त्याला बोलायला जागाही भरपूर आहे, कारण कॉलेज फुटबॉलमध्ये विजेता ठरवण्याचा प्रश्न शंभर वर्षं गणिताचा प्रश्न होऊन बसला होता.

आधी खेळाची ओळख. चेंडू पायाने कमी आणि हाताने जास्त खेळला जातो. मैदान शंभर यार्डांचं. ज्याच्या ताब्यात चेंडू, त्याला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावं लागतं. जमलं तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात. टोकाला पोचलात की टचडाउन, सहा गुण. त्यानंतर लाथेने एक किंवा आणखी एका चढाईने दोन गुण जोडता येतात. लांबून लाथ मारून चेंडू खांबांमधून घालवला तर तीन गुण. तीन प्रयत्नांत काम झालं नाही, तर चौथ्या प्रयत्नात बहुतेक संघ चेंडू लाथेने दूर भिरकावून देतात, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला लांबून सुरुवात करावी लागते. चौथा प्रयत्न खेळून फसला, तर चेंडू जागच्या जागी दुसऱ्याचा होतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पहिला आंतरकॉलेज सामना ६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू जर्सीत रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात झाला. पण देशातल्या पहिल्या दोन संघांना समोरासमोर आणायचं असं ठरवून बसलेली व्यवस्था, बीसीएस, आली १९९८ मध्ये. मधली जवळपास १३० वर्षं विजेता मैदानावर ठरतच नव्हता, मतांनी ठरत होता. १९२६ मध्ये इलिनॉय विद्यापीठातले अर्थशास्त्राचे प्राध्यापक फ्रँक डिकिन्सन यांनी संघांना गुणांकन देण्याची पद्धत काढली. नोटर डेमचे नामांकित प्रशिक्षक न्यूट रॉकनी यांनी ती मागच्या तारखेने १९२४ च्या हंगामालाही लावायला त्यांना राजी केलं, आणि त्या वर्षीचं विजेतेपद अर्थातच नोटर डेमच्या पदरात पडलं. म्हणजे गणित आलं आणि त्याच्या मागोमाग शब्द टाकणारेही आले.

१९३६ पासून असोसिएटेड प्रेसचं पत्रकारांचं मतदान सुरू झालं. त्यातली गंमत अशी, की वर्षअखेरचे मोठे निमंत्रणाचे सामने, म्हणजे ‘बाउल’ सामने, होण्याआधीच शेवटची मतं घेतली जायची. १९६४ च्या हंगामात अलाबामा विजेता जाहीर झाला आणि १ जानेवारी १९६५ ला ऑरेंज बाउलमध्ये टेक्सासकडून २१-१७ असा हरला. विजेतेपद तरीही अलाबामाकडेच राहिलं!

बरं, पत्रकार आणि प्रशिक्षक पक्षपाती असतील, तर सगळ्यांशी सगळ्यांचे सामने का लावत नाहीत? इथे साधी आकडेमोड आडवी येते. २००५ मध्ये वरच्या गटात ११९ संघ होते. त्यांच्या जोड्या होतात ११९ गुणिले ११८ भागिले २, म्हणजे ७,०२१. प्रत्येक संघ हंगामात अकरा-बारा सामने खेळतो, म्हणजे सगळे मिळून सामने सातशेच्या आसपास. दहातल्या नऊ जोड्या एकमेकांचं तोंडही बघत नाहीत. आयपीएलच्या गुणतक्त्यासारखा तक्ता इथे बनवला, तर तो धडधडीत दिशाभूल करेल, कारण एकाचे बारा विजय दुबळ्यांवर असतील आणि दुसऱ्याचे दहा दांडग्यांवर.

यावरचा मला सर्वांत देखणा वाटलेला उपाय वेस्ली कॉली या खगोलभौतिकीच्या माणसाचा आहे. बीसीएसमध्ये मतदानाच्या जोडीला सहा संगणकी क्रमवाऱ्या वापरायचे, त्यांतली एक त्याची. त्याने सुरुवात केली फ्रेंच गणितज्ञ लाप्लासच्या जुन्या सूत्रापासून. एखादी घटना ‘न’ इतक्या प्रयत्नांत ‘क’ वेळा घडली, तर ती पुढच्या वेळी घडण्याची शक्यता क/न धरण्याऐवजी (क+१)/(न+२) धरा. एकही सामना न खेळलेल्या संघाचं गुणांकन यात १/२ येतं, म्हणजे ‘याच्याबद्दल काहीच माहीत नाही’. एक सामना जिंकला तर २/३, हरला तर १/३. एका विजयावरून शंभर टक्के आणि एका पराभवावरून शून्य, असला उतावळेपणा हे सूत्र करत नाही.

पण हरवलं कोणाला? कॉलीने विजयांच्या जागी ‘परिणामी विजय’ घातले: विजयांतून पराभव वजा करून त्याचं अर्ध, अधिक सगळ्या प्रतिस्पर्ध्यांच्या गुणांकनांची बेरीज. आता अ चं गुणांकन ब वर अवलंबून आणि ब चं अ वर. दोनच संघ घ्या, अ ने ब ला हरवलं. अ चं गुणांकन = (१ + १/२ + ब) ÷ ३ आणि ब चं = (१ − १/२ + अ) ÷ ३. सोडवलं की अ = ०.६२५ आणि ब = ०.३७५. मघाचे २/३ थोडे खाली आले, कारण अ ने ज्याला हरवलं तो सरासरीपेक्षा दुबळा निघाला. आणि ब चा १/३ थोडा वर सरकला, कारण तो बऱ्या संघाकडून हरला. ११९ संघांसाठी अशी ११९ समीकरणं एकदम सोडवायची. शाळेतली एकसामयिक समीकरणंच, फक्त लांबलचक. सगळ्यांची सरासरी नेमकी अर्ध्यावर राहते. नावाचा दबदबा, गेल्या वर्षीची कीर्ती, टीव्हीवरची हवा, यांतलं काहीच त्यात शिरत नाही.

समीकरणं अशी एकमेकांत गुंतली, की एक धागा ओढला तर सगळं हलतं. डिसेंबर २०१० मध्ये कॉलीच्या यादीत खालच्या गटातला एक सामना, वेस्टर्न इलिनॉय विरुद्ध ॲपलेशियन स्टेट, भरायचा राहून गेला होता. तो घातल्यावर बीसीएसच्या अंतिम क्रमवारीत दहावा आणि अकरावा क्रमांक उलटे झाले. एलएसयू, म्हणजे लुइझियाना स्टेट विद्यापीठ, खाली आणि बॉयझी स्टेट वर. दोघांपैकी कोणीच त्या सामन्यात नव्हतं. चूक बाहेरच्या माणसाला सापडली, कारण कॉलीचं सूत्र सर्वांसाठी उघडं होतं. बाकीच्यांच्या बंद पेट्यांत काय काय राहून गेलं असेल, याचा विचार त्या वेळी अनेकांच्या मनात आला असणार.

२००२ पासून बीसीएसने संगणकवाल्यांना बजावलं होतं, की कोण किती गुणांनी जिंकलं ते धरायचं नाही. निव्वळ संख्याशास्त्र म्हणून ही माहिती फेकून देणं आहे. टेक्सासने २००५ मध्ये ओहायो स्टेटला त्यांच्याच मैदानावर २५-२२ हरवलं आणि कोलोरॅडोला ७०-३. सूत्राच्या लेखी दोन्ही एकेक विजय. पण मोठा फरक मोजला, तर आधीच चिरडलेल्या संघाला आणखी चिरडण्याचं बक्षीस मिळतं. माझ्या मते नियम बरोबर होता. मोजमापाने खेळ बिघडत असेल, तर मोजमाप थोडं आंधळं ठेवलेलं परवडतं.

एवढं करूनही भांडणं थांबली नाहीत. २००३ मध्ये दोन्ही मतदानांत पहिली असलेली यूएससी बीसीएसच्या यादीत तिसरी आली. शेवटच्या सामन्यात कॅन्सस स्टेटकडून ३५-७ असा मार खाल्लेला ओक्लाहोमा मात्र अंतिम सामन्यात. तिथे एलएसयू जिंकली, पत्रकारांनी यूएससीला निवडलं, आणि एका वर्षाचे दोन विजेते झाले. पुढच्या वर्षी ऑबर्न एकही सामना न हरता बाहेर राहिला. त्या मानाने २००५ चा हंगाम म्हणजे सुखद अपवाद. दोनच अपराजित संघ, यूएससी सलग ३४ सामने जिंकून आलेली, टेक्सास सलग १९. मतदान आणि संगणक, दोघांचंही एकमत.

मग तो सामना. यूएससीकडे त्या वर्षीचा आणि त्याच्या आदल्या वर्षीचा, असे दोन हाइझमन पुरस्कारविजेते (हा वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा पुरस्कार) होते, रेजी बुश आणि मॅट लायनार्ट. टेक्सासकडे होता क्वार्टरबॅक, म्हणजे चढाई चालवणारा खेळाडू, विन्स यंग. त्याने ४० पैकी ३० फेका साधून २६७ यार्ड मिळवले आणि स्वतः पळून आणखी २००. तरीही ६ मिनिटं ४२ सेकंद उरले असताना यूएससी ३८-२६ पुढे होती. टेक्सासने फरक पाचवर आणला. आणि मग, साधारण सव्वादोन मिनिटं बाकी असताना, यूएससीचा चौथा प्रयत्न, दोन यार्ड हवेत, चेंडू टेक्सासच्या ४५ यार्डांच्या रेषेवर.

प्रशिक्षक पीट कॅरल यांनी लाथ न मारता खेळायचं ठरवलं. त्या रात्री १२४ यार्ड पळालेल्या लेनडेल व्हाइटकडे चेंडू दिला, आणि टेक्सासने त्याला अडवलं. त्यानंतर यंगने संघ ५६ यार्ड नेला आणि १९ सेकंद राहिले असताना शेवटचे आठ यार्ड स्वतः पळून टचडाउन केलं.

कॅरल चुकले का? हिशेब करून बघू. पुढचे आकडे मी निव्वळ हिशेबासाठी धरलेत. दोन यार्ड मिळाले असते, तर यूएससी जिंकण्याची शक्यता ९७ टक्के धरू. फसले, तर ६०. लाथ मारली असती आणि टेक्सासला ऐंशीएक यार्ड लांबून यावं लागलं असतं, तर ७५. यश येण्याची शक्यता ‘य’ मानली, तर ९७य + ६०(१ − य) हे ७५ पेक्षा मोठं हवं. उत्तर येतं य सुमारे ४१ टक्के. म्हणजे निम्म्याहून कमी वेळा दोन यार्ड मिळणार असतील, तरी खेळणंच शहाणपणाचं. तुम्हाला ७५ चा आकडा कमी वाटत असेल तर ८० घ्या. उंबरठा ५४ वर जातो. व्हाइट त्या रात्री दर धावेला सरासरी सहा यार्ड काढत होता. सरासरी म्हणजे शक्यता नव्हे, आणि सगळ्यांना माहीत असलेली धाव अडवणं सोपं, हे खरं. तरीही निर्णय वेडगळ अजिबात नव्हता. बर्कलीचे अर्थतज्ज्ञ डेव्हिड रोमर यांनी व्यावसायिक फुटबॉलच्या आकडेवारीवरून २००६ मध्येच दाखवलं, की चौथ्या प्रयत्नात संघ गरजेपेक्षा फारच जास्त वेळा लाथ मारतात. टीका करायचीच तर वेगळ्या गोष्टीवर करावी: त्या चढाईत बुश मैदानाबाहेर उभा होता. तो आत असता, तर बचावाला निदान दोघांवर लक्ष ठेवावं लागलं असतं.

यंगची शेवटची धावही चौथ्या प्रयत्नातलीच होती, आणि तिथे पाच यार्ड हवे होते. दोनापेक्षा अवघडच. पण टेक्सास पाच गुणांनी मागे, तीन गुणांची लाथ निरुपयोगी, म्हणजे तिथे निवडायला काही नव्हतंच. म्हणून टेक्सासच्या प्रशिक्षकांना कोणी जुगारी म्हटलं नाही. कॅरल यांच्या नशिबी मात्र हे पुन्हा आलं. १ फेब्रुवारी २०१५ ला व्यावसायिक सुपर बाउलमध्ये सिअ‍ॅटलला एक यार्ड हवा असताना त्यांनी चेंडू फेकायला लावला, तो न्यू इंग्लंडने पकडला, आणि सामना २८-२४ असा गेला.

आता त्या तीन गुणांकडे वळू. संख्याशास्त्रज्ञ हॅल स्टर्न यांनी १९९१ मध्ये व्यावसायिक सामने तपासून मांडलं, की अपेक्षित फरक आणि प्रत्यक्ष फरक यांतलं अंतर सामान्य वितरणासारखं पसरतं आणि त्याचं प्रमाण विचलन, म्हणजे पसारा, जवळपास १४ गुण असतं. पैजवाल्यांनी यूएससीला सात गुणांनी वरचढ धरलं होतं. तोच पसारा इथे लावला, तर यूएससी जिंकण्याची शक्यता येते सुमारे ६९ टक्के. म्हणजे टेक्सासचा विजय दहातल्या तीन वेळा घडणारी गोष्ट. चौदाच्या पसाऱ्यात तीन गुण म्हणजे कुजबुज. मध्यंतराआधीच्या एका टचडाउनच्या वेळी चेंडू बाजूला टाकण्याआधीच यंगचा गुडघा जमिनीला टेकला होता, आणि ती चढाई पुन्हा पाहून तपासलीच गेली नाही. तेवढ्यातच सहा गुण गेले. उलट त्यानंतरची जोडगुणाची लाथ टेक्सासने चुकवली होती.

दोन संघांपैकी एक दर सामन्यात ५५ टक्के शक्यतेने जिंकत असेल, तर तोच सरस आहे हे ९५ टक्के खात्रीने ठरायला सुमारे २७० सामन्यांची मालिका लागेल. इतके सामने खेळायला माणसं उरणार नाहीत.

नोंदवह्यांनी पुढे आणखी एक करामत केली. बुशने हौशी खेळाडूंचे नियम मोडल्याचं ठरलं आणि २०१० मध्ये यूएससीचे त्या हंगामातले बाराही विजय रद्द झाले. विजय रद्द होतात, पराभव नाही. म्हणून अधिकृत नोंदीत २००५ ची यूएससी ०-१ अशी आहे.

विजेतेपदाची व्यवस्था २०१४ मध्ये चार संघांची झाली आणि २०२४ मध्ये बारांची. बारांच्या पहिल्याच हंगामात विजेता ठरला ओहायो स्टेट, मानांकन आठवं, हंगामात दोन पराभव. दोनच संघ निवडणाऱ्या जुन्या पद्धतीत त्याचं नावही निघालं नसतं. त्या वर्षी ओरेगनने मिशिगनला ३८-१७ हरवलं, मिशिगनने ओहायो स्टेटला १३-१०, आणि १ जानेवारी २०२५ ला, त्याच पासाडेनाच्या मैदानावर, ओहायो स्टेटने तोवर अपराजित असलेल्या ओरेगनला ४१-२१. ऑक्टोबरात हीच जोडी भिडली होती तेव्हा ओरेगन ३२-३१ जिंकला होता.