तुटलेलं मन किती अंतरावरून दिसतं?

प्रेमभंगाचं गाणं चित्रित करायचं ठरलं की कॉलेजातल्या मुलांच्या यादीत काही गोष्टी हमखास येतात. पाऊस, फाडलेला फोटो, न उचललेला फोन, डोळ्यांत ग्लिसरीन. असे विद्यार्थ्यांचे म्युझिक व्हिडिओ मी आवडीने पाहत आलोय. मुलं जीव ओतून काम करतात, गाणंही बरेचदा छान असतं, तरी पाहणाऱ्याच्या आत काही हलत नाही. माझ्या मते अडतं ते अभिनयाशी कमी आणि कॅमेरा कुठे उभा केला याच्याशी जास्त. प्रेमभंग म्हणजे दोन माणसांमध्ये पडलेलं अंतर, आणि कॅमेऱ्याला अंतराची भाषा फार चांगली येते. ती शिकायला भूमिती लागते आणि आपला मेंदू चेहरे कसे वाचतो याची थोडी माहिती.

चेहऱ्यापासून सुरुवात करू. दुःख म्हणजे क्लोजअप, हे सगळ्यांना ठाऊक असतं. मग मोबाइल थेट नाकासमोर धरला जातो. आता हिशोब करा. नाकाच्या शेंड्यापासून कान साधारण १२ सेंटिमीटर मागे असतो असं धरू. कॅमेरा नाकापासून ३० सेंटिमीटरवर असेल, तर कानापासून तो ४२ सेंटिमीटरवर असतो. वस्तू जितक्या पटीने लांब, तितक्या पटीने तिची प्रतिमा लहान. म्हणजे कानाच्या मानाने नाक १.४ पट मोठं उमटणार. तोच कॅमेरा नाकापासून दीड मीटरवर न्या. आता आकडे १५० आणि १६२, फरक जेमतेम ८ टक्के. चेहरा फ्रेममध्ये तेवढाच मोठा हवा असेल तर मोबाइलची साधारण पाच पटीची लेन्स लावायची. वाइड लेन्स चेहरा बिघडवते असं सर्रास म्हटलं जातं. चेहरा फ्रेमच्या मधोमध असेल तर तो बिघडतो अंतरामुळे; वाइड लेन्स आपल्याला फक्त जवळ जायला भाग पाडते.

याचा पाहणाऱ्यावर परिणाम होतो का? अमेरिकेतल्या कॅलटेक या विज्ञानसंस्थेच्या रॉनी ब्रायन, पिएत्रो पेरोना आणि राल्फ अडॉल्फ्स यांनी २०१२ साली नेमकं हेच तपासलं. त्याच माणसांचे फोटो त्यांनी ४५ आणि १३५ सेंटिमीटरवरून काढले आणि चेहऱ्याचा आकार सारखा करून लोकांना दाखवले. जवळून काढलेले चेहरे लोकांना कमी विश्वासू, कमी आकर्षक वाटले. का, ते सांगता येत नव्हतं. ४५ सेंटिमीटर हा आकडाही सहज आलेला नाही. मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी १९६६ साली अमेरिकन माणसांसाठी जिव्हाळ्याच्या अंतराची जी सीमा सांगितली, ती हीच. तिच्या आत आपण फक्त अगदी जवळच्यांना येऊ देतो. म्हणून ज्या मुलीच्या दुःखात प्रेक्षकाने सामील व्हावं असं वाटतं, तिच्या तोंडाशी कॅमेरा नेऊ नका. दीड मीटरवर थांबा आणि लेन्सला काम करू द्या. घुसमट दाखवायची असेल, तेव्हा मात्र हीच जवळीक मुद्दाम वापरता येते.

आयरिश गायिका शिनेड ओकॉनरचा ‘नथिंग कम्पेअर्स टू यू’ हा १९९० सालचा व्हिडिओ विद्यार्थ्यांनी आवाज बंद करून एकदा पाहावा. गाणं अमेरिकन गायक प्रिन्सचं, दिग्दर्शन जॉन मेबरीचं. पॅरिसच्या एका बागेतले काही शॉट सोडले तर बाकी सगळा वेळ काळ्या पार्श्वभूमीवर तिचा चेहरा आहे. ती कॅमेऱ्याकडे बघते, मध्येच नजर खाली जाते, आणि शेवटाकडे खरे अश्रू ओघळतात. ते ठरवून आणलेले नव्हते. गाताना आपल्याला वारलेली आई आठवली, असं तिने नंतर सांगितलं.

त्या नजरेकडे नीट बघा. रेजिनाल्ड ॲडम्स आणि रॉबर्ट क्लेक या मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली दाखवलं की राग आणि आनंद समोर रोखलेल्या नजरेत पटकन ओळखू येतात, तर दुःख आणि भीती वळवलेल्या नजरेत. रागावलेला माणूस समोर येतो, दुःखी माणूस मागे सरतो, आणि मेंदू नजरेवरून तेच वाचतो. पूर्ण गाणं कॅमेऱ्यात बघत म्हटलं तर ते तक्रारीसारखं वाटायला लागतं. नजर जिथे लेन्सवरून सुटते, ती ओळ आधी ठरवून ठेवा.

अश्रूंचंही असंच. रॉबर्ट प्रोव्हाइन आणि सहकाऱ्यांनी २००९ साली रडणाऱ्या चेहऱ्यांच्या फोटोंमधून संगणकावर फक्त अश्रू पुसून टाकले. तेच चेहरे कमी दुःखी दिसू लागले. काहींची भावना नेमकी कोणती, तेच कळेना. म्हणजे अश्रूत ताकद आहे. पण ग्लिसरीन भुवया हलवत नाही. डार्विनने १८७२ साली भावनांवरच्या पुस्तकात ‘दुःखाचे स्नायू’ असं नाव देऊन लिहिलंय की खऱ्या दुःखात भुवयांची आतली टोकं वर चढतात आणि कपाळाच्या मध्यावर आठ्या पडतात, आणि मनात आणून हे स्नायू हलवणं फार थोड्यांना जमतं. ओला गाल आणि सपाट कपाळ एकत्र दिसलं की प्रेक्षकाला खोटं जाणवतं. आठ्या खऱ्या असतील तर त्या दिसायलाही हव्यात. त्यासाठी खिडकीचा आडवा उजेड घ्या आणि दुसऱ्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तुकडा धरा. समोरचा फ्लॅश त्या बारीक सावल्या पुसून टाकतो.

आता दोन माणसं. तो बाकावर बसलाय, ती मागे वळून निघालीय, त्याच्या ३ मीटर मागे आहे. कॅमेरा त्याच्यापासून १ मीटरवर ठेवला तर ती ४ मीटरवर, म्हणजे त्याच्या मानाने पाव दिसते. ती आणखी ४ मीटर चालली की एक अष्टमांश. पाचसहा पावलांत ती अर्धी झाली. आता कॅमेरा त्याच्यापासून १२ मीटरवर नेऊन लांबची लेन्स लावा. सुरुवातीला ती १५ मीटरवर, म्हणजे त्याच्या चार पंचमांश. तेच ४ मीटर चालल्यावर १९ मीटरवर, तरी निम्म्याहून बरीच मोठी. ती चालतेय, चालतेय, आणि लांब जातच नाही. पावलं तीच, वाट तीच, अर्थ पूर्ण वेगळा. नातं तुटतं त्या दिवसासाठी मी पहिला शॉट निवडेन, महिन्यांनंतरच्या आठवणीसाठी दुसरा. असा निर्णय फुकट आहे. त्याला ड्रोनही लागत नाही आणि कॅमेरा स्थिर ठेवणारं गिंबलही.

याच अंतराचं सर्वांत मोठं उदाहरण आपल्याकडे १९५९ साली घडलं. ‘कागज के फूल’ हा भारतातला पहिला सिनेमास्कोप, म्हणजे रुंद पडद्याचा चित्रपट. त्यातल्या ‘वक़्त ने किया’ या गाण्यात गुरुदत्त आणि वहिदा रहमान रिकाम्या स्टुडिओत एकमेकांपासून दूर उभे आहेत. छायालेखक व्ही. के. मूर्तींनी बाहेरचं ऊन मोठ्या आरशांनी आत वळवून प्रकाशाचा तो प्रसिद्ध झोत उभा केला. हवेतल्या धुरामुळे आणि धुळीमुळे झोत आपल्याला बाजूने दिसतो. स्वच्छ हवेत फक्त जमिनीवरचा डाग दिसला असता. दोघांच्या देहांतून त्यांच्याच छायाप्रतिमा निघून प्रकाशात भेटायला जातात, देह मात्र जागचे हलत नाहीत. तेवढी रिकामी जागा मावावी एवढा रुंद तो पडदा होता. मोबाइलच्या उभ्या फ्रेममध्ये तेवढी रुंदी नाही, उंची आहे. मग माणूस फ्रेमच्या अगदी तळाशी बसवा आणि वर भिंत मोकळी सोडा.

शॉट कुठल्या क्रमाने लावता, यानेही चेहऱ्याचा अर्थ बदलतो. रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह यांचा शंभर वर्षांपूर्वीचा प्रयोग सगळीकडे शिकवतात. नटाचा तोच निर्विकार चेहरा सूपची वाटी, शवपेटी आणि तरुणी यांच्याबरोबर जोडला आणि प्रेक्षकांना त्यात भूक, शोक, अभिलाषा दिसली, अशी ती कथा. मूळ फिल्म आज उपलब्ध नाही. १९९२ साली प्रिन्स आणि हेन्सली या अभ्यासकांनी (हा प्रिन्स गायक नव्हे) प्रयोग पुन्हा केला तेव्हा परिणाम आढळला नाही; २०१६ साली बॅरट आणि सहकाऱ्यांना तो आढळला, पण कथेत सांगतात तेवढा ठळक नाही. तरी माझा सल्ला असा की शूटिंगच्या दिवशी काहीही न करणारा चेहरा दहा सेकंद घेऊन ठेवा. एडिटिंगला बसल्यावर रडक्या शॉटपेक्षा तोच जास्त उपयोगी पडतो.

राहिलं स्लो मोशन. ओठ गाण्याबरोबर आणि बाकी जग संथ, हे शूटिंगच्या वेळी गाणं दुप्पट वेगाने वाजवून साधतात. सेकंदाला ५० फ्रेमने चित्रित करायचं, मुलीने त्या दुप्पट वेगात ओळ म्हणायची, आणि नंतर २५ फ्रेमने चालवायचं. ओठ मूळ चालीत येतात. केस, ओढणी, मागची पानं निम्म्या वेगाने हलतात. आधी एका ओळीवर सराव करा, कारण जोडाक्षरं दुप्पट वेगात अडकतात. आणि उजेड सांभाळा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे चोकवाली ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमला उजेड आत घेण्याचा वेळ, १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवलं तर प्रत्येक फ्रेममध्ये लुकलुकीची पूर्ण फेरी मावते आणि चित्र स्थिर राहतं. सेकंदाला १२० फ्रेम घेताना एवढा वेळ शटर उघडं ठेवताच येत नाही, आणि होस्टेलच्या खोलीतली भिंत पडद्यावर धडधडायला लागते. तो शॉट दिवसा खिडकीपाशी घ्या.