शून्य ओहमचा चकवा

घरातल्या वायरिंगमध्ये शॉर्ट झाला की ठिणगी उडते, फ्यूज जातो, जळका वास सुटतो. इलेक्ट्रिक गिटारमध्ये यातलं काहीच घडत नाही. तारांची थरथर टिपणाऱ्या पिकअपचा सिग्नल इतका क्षीण असतो की काही जाळण्याची ताकदच त्याच्यात नसते. अर्थकडे जवळची वाट सापडली की तो तिकडे वळतो, अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत पोचत नाही आणि गिटार गप्प होते.

पिकअप म्हणजे चुंबकांभोवतीची कॉइल. तिची तांब्याची तार जेमतेम ०.०६ मिलिमीटर जाड, वर विद्युतरोधक लेप, आणि वेढे पाच-आठ हजार. गिटारची पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि कॉइलमध्ये वीज निर्माण होते. मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली शोधलेलं प्रवर्तन ते हेच. एवढ्या लांब, बारीक तारेचा रोध साधारण ५ ते १५ किलोओहम भरतो. रोध मोजणाऱ्या मल्टिमीटरवर याऐवजी शून्याच्या आसपास आकडा दिसला तर शॉर्ट. आकडाच आला नाही तर कॉइलची तार कुठेतरी तुटलेली.

पण थांबा, जॅकवरून, म्हणजे केबलचा प्लग घालायच्या जागेवरून मोजत असाल, तर व्हॉल्यूमचा नॉब कुठे आहे? तो पूर्ण खाली असेल तर नॉबखालचा पॉटच (कमी-जास्त करता येणारा रोधक) जॅकला अर्थशी जोडून टाकतो आणि धडधाकट गिटारसुद्धा शून्य दाखवते. या एका चुकीपायी चांगले पिकअप उगाच काढले जातात. व्हॉल्यूम पूर्ण वर ठेवूनच मोजा.

तरीही शून्यच आलं तर पिकअपला हात लावण्याआधी जॅक उघडा. नट सैल झाला की प्लग घालता-काढताना अख्खा जॅक फिरतो आणि सिग्नलची पट्टी खाचेतल्या, अर्थला जोडलेल्या तांब्याच्या फॉइलला टेकते. प्लग आत असताना नीट बघा, कारण त्याच्या दाबाने पट्टी बाहेर ढकलली जाते. प्लग काढला की ती मागे सरते आणि दोष दिसेनासा होतो. जॅक ठीक निघाला तर पिकअपची सिग्नलची वायर डाख काढून मोकळी करा आणि पिकअप एकटा मोजा. दोन कॉइलच्या हंबकरमध्ये आठऐवजी चार किलोओहम आले, तर एक कॉइल बाद झालेली असते. बहुधा दोन कॉइलमधला सांधा अर्थला टेकलेला सापडतो.

सर्वांत फसवा शॉर्ट मात्र कॉइलच्या पोटात असतो. लेप खरवडून आठ हजारांपैकी पन्नास वेढे आपसात जुळले, तर रोध एक टक्काही घटत नाही. तापमान दहा अंशांनी बदललं तरी तांब्याचा रोध चार टक्क्यांच्या आसपास हलतो, म्हणजे मीटरला हा दोष कळणारच नाही. कानाला कळतो. जुळलेल्या वेढ्यांचं बंद कडं तयार होतं, त्यात फिरणारा प्रवाह चुंबकीय बदलालाच विरोध करतो, आणि कंपनं जितकी जलद तितका हा विरोध जास्त. त्यामुळे आवाजातली धार जाते, गिटार गोधडीखालून वाजल्यासारखी वाटते. इथे डाख देऊन भागत नाही. कॉइल उलगडून नव्या तारेने पुन्हा गुंडाळावी लागते.