स्वप्ननगरीची वेस

थॉमस मोर या इंग्रज वकिलाचं 'युटोपिया' हे लॅटिन पुस्तक १५१६ साली छापून आलं. त्यातल्या कल्पित बेटावर ५४ शहरं आहेत. माणसं दिवसाला सहाच तास काम करतात, दाराला कुलूप लावत नाहीत आणि दर दहा वर्षांनी चिठ्ठ्या टाकून घरं बदलून घेतात. सोन्याला तिथे किंमतच नाही, म्हणून त्याची रात्री उशाशी ठेवायची मूत्रपात्रं करतात. पुस्तकाविषयी बोलताना सगळे हे सोनंच सांगतात. मला मात्र त्यातली एक वेगळीच गोष्ट खुणावते. हे बेट मुळात बेट नव्हतं, मुख्य भूमीला जोडलेलं होतं. युटोपस नावाच्या राजाने ते जिंकलं आणि आधी काय केलं, तर पंधरा मैलांची जमीन खणून समुद्र आत घेतला. सहा तासांचं काम, सारखी घरं, सामुदायिक पंगती हे सगळं त्यानंतर. आधी वेस बांधून झाली.

बेळगाव-खानापूर-निपाणी पट्ट्यातल्या माणसाच्या नजरेतून हा खंदक सुटत नाही. बेळगावातून वेंगुर्ल्याच्या रस्त्याला लागलं की बाचीपर्यंत कर्नाटक आणि पुढे शिनोळीला महाराष्ट्र. चंदगडची माणसं दवाखान्याला आणि बाजाराला बेळगावातच येतात. एरवी ही हद्द पाट्यांच्या लिपीवरून आणि डांबराच्या पोतावरून ओळखायची. २०२१ साली कोगनोळीच्या नाक्यावर आरटीपीसीआरचा कागद दाखवल्याशिवाय पुढे सोडेनात, तेव्हा ती अंगावर आली. साथीसाठी ते गरजेचं होतं की नव्हतं हा वाद निराळा. माणसं सुरक्षित ठेवायची म्हटलं की पहिली आठवण वेशीची होते, एवढंच इथे म्हणायचं आहे.

मोरच्या बेटावर गुलामही आहेत, हे सहसा कुणी सांगत नाही. सोनं त्यांच्या बेड्यांनाही वापरतात. जनावरं कापायचं काम त्यांच्याकडे आणि तेही शहराबाहेर, कारण नागरिकांचं मन कठोर होऊ नये. घाण काम वेशीबाहेर ठेवून आत सगळं स्वच्छ, ही रचना मराठी वाचकाला उलगडून सांगायची गरज नाही.

पुढच्या चारशे वर्षांत स्वप्ननगऱ्या पुष्कळ झाल्या. त्यांतली आपल्याकडची एक फार गंमतीची आहे. रोकेया सखावत हुसेन या बंगाली लेखिकेची 'सुलतानाज ड्रीम' ही इंग्रजी गोष्ट १९०५ साली मद्रासच्या एका स्त्रियांच्या मासिकात आली. तिच्यातल्या देशात कारभार बायका पाहतात आणि पुरुष 'मर्दान्यात' बसून स्वयंपाक आणि मुलं सांभाळतात. चुली सूर्याच्या उष्णतेवर चालतात आणि फुग्याला नळ्या जोडून ढगातलं पाणी थेट खाली आणतात. यातलं ऊन काही निव्वळ कल्पनेतलं नव्हतं. विल्यम अ‍ॅडम्स या इंग्रजाने १८७८ साली मुंबईत सूर्याच्या उष्णतेवर स्वयंपाक आणि इंजिन चालवण्याच्या आपल्या प्रयोगांचं पुस्तक छापलं होतं. रोकेयांनी विज्ञान घेतलं ते असं, हाताशी येऊ घातलेलं. वेस मात्र त्यांनाही मोडता आली नाही. जनान्याची भिंत त्यांनी तशीच ठेवली आणि फक्त आतली माणसं बदलली. अर्थात ते त्यांनी मुद्दाम, चिमटा काढायलाच केलं होतं.

विसाव्या शतकात हीच स्वप्नं उलटी फिरली आणि त्यात इंजिनीअर मंडळींचा हात मोठा आहे. येवगेनी झाम्यातिन हा रशियन जहाजबांधणीचा इंजिनीअर होता. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये बर्फ फोडणाऱ्या जहाजांच्या बांधणीवर त्याने देखरेख केली. परत आल्यावर १९२०-२१ मध्ये त्याने एक कादंबरी लिहिली. तिच्यात माणसांना नावं नाहीत, नुसते आकडे. घरं काचेची आणि उठण्या-जेवण्याची वेळ सगळ्यांची एकच. त्या राज्याचा मोठा साधुपुरुष कोण, तर फ्रेडरिक टेलर, म्हणजे घड्याळ हातात घेऊन कामगाराच्या प्रत्येक हालचालीचे सेकंद मोजणारा अमेरिकन इंजिनीअर. शहराभोवती अर्थातच एक हिरवी भिंत आहे. १९३२ साली ऑल्डस हक्स्लीने बाटलीत मुलं वाढवणारा समाज लिहिला, तिथेही 'मागासलेली' माणसं विजेच्या कुंपणापलीकडे ठेवलेली आहेत. बिहारात मोतीहारीला जन्मलेल्या जॉर्ज ऑर्वेलचं '१९८४' हे १९४९चं. त्यातला घरोघरचा पाहणारा पडदा आता इतका परिचयाचा झालाय की त्यावर जास्त लिहायला नको.

कादंबरीकार कागदावर करत होते ते जॉन कॅल्हून या शास्त्रज्ञाने खरोखर पेटीत करून पाहिलं. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत जुलै १९६८ मध्ये त्याने साधारण पावणेतीन मीटर लांब-रुंद हौदासारखी जागा केली आणि तिच्यात उंदरांच्या चार जोड्या सोडल्या. खाणं-पाणी हवं तेवढं. बिळांच्या जागी घरटी. मांजर नाही, रोगराई नाही, थंडी नाही. उंदरांना आणखी काय पाहिजे? सुरुवातीला दर ५५ दिवसांनी संख्या दुप्पट होत गेली. सहाशेच्या पुढे हा वेग मंदावला आणि ५६०व्या दिवशी संख्या २,२०० वर जाऊन थांबली. मग सगळं बिघडत गेलं. माद्या पिल्लं टाकून जाऊ लागल्या, नर विनाकारण चावे घेऊ लागले. काही नर तर कुणाशी भांडेनात आणि जोडीही करेनात. ते फक्त खात, झोपत आणि अंगावरची लव चाटत बसत. त्यांच्या अंगावर एकही जखम नसायची, म्हणून कॅल्हूनने त्यांना 'देखणे' म्हटलं. ६००व्या दिवसानंतर जगलेलं पिल्लू जन्मलंच नाही आणि १९७३ पर्यंत सगळी वस्ती संपली.

वर्तमानपत्रांनी यातून माणसांची गर्दी म्हणजे सर्वनाश, असा अर्थ काढला. आजही व्हॉट्सअ‍ॅपवर हा प्रयोग फिरतो तो याच अर्थाने, बहुतेक वेळा शहरातल्या तरुण पोरांना नावं ठेवायला. पण त्या जागेत ३,८४० उंदीर मावतील अशी सोय होती. म्हणजे जागा भरायच्या आधीच वस्ती ढासळली. कॅल्हूनच्या मते अडचण जागेची नव्हती, स्थानाची होती. वाढत्या पिल्लांना कळपात करण्यासारखं काही उरलं नव्हतं. रानात असं झालं की तरुण उंदीर उठून दुसरीकडे जातात. इथे चारी बाजूंनी उंच गुळगुळीत भिंती, जाणार कुठे? जोनाथन फ्रीडमन या मानसशास्त्रज्ञाने पुढे माणसांवर दाटीवाटीचे प्रयोग केले, तेव्हा नुसत्या गर्दीने माणूस बिघडतो असं काही ठामपणे दिसलं नाही. खानापूरच्या जंगलपट्ट्यातून पोरं गोव्याला नाहीतर पुण्याला जातात. मागे राहिलेल्यांना ते दुःखाचं वाटतं आणि आहेच. पण वाट बंद असती तर काय झालं असतं, याचा थोडा अंदाज त्या पेटीवरून करता येतो.

अशा कथा वाचून माणसात फरक पडतो का, हेही तपासून झालंय. कॅल्वर्ट जोन्स आणि सेलिया पॅरिस या अमेरिकन संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही जणांना जुलमी राजवटीविरुद्धच्या कथा-चित्रपट दिले आणि काहींना दिले नाहीत. कथा वाचलेली माणसं अन्यायाविरुद्ध टोकाचा, वेळ पडल्यास हिंसक मार्गही योग्य मानायला जास्त तयार झाली. म्हणजे काळ्या कथा माणसाला नुसती घाबरवत नाहीत, पेटवतातही. गोड स्वप्नांचं उलट आहे. गॅब्रिएल ओटिंगन या जर्मन मानसशास्त्रज्ञ बाईंनी वजन कमी करू पाहणाऱ्या स्त्रियांचा वर्षभर मागोवा घेतला. सडपातळ झाल्याची गोडगोड चित्रं रंगवणाऱ्यांचं वजन तसं न करणाऱ्यांपेक्षा सुमारे ११ किलोंनी कमी घटलं. मिळाल्याचा आनंद मनाने आधीच भोगून टाकला की पाय हलत नाहीत. स्वप्नाशेजारी अडथळा मांडला, तरच काम पुढे सरकतं, असं त्यांना नंतरच्या प्रयोगांत दिसलं.

सीमाभागाला अडथळा मांडून दाखवावा लागत नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली. त्या तारखेला बेळगावात एका बाजूला राज्योत्सवाची मिरवणूक आणि दुसऱ्या बाजूला काळ्या दिनाची सायकल फेरी, असं वर्षानुवर्षं चालत आलंय. एकाची स्वप्ननगरी ही दुसऱ्याची दुःस्वप्नकथा असू शकते, हे कळायला इथे कादंबरी वाचायची गरज पडत नाही. आपल्या संतांनी पाहिलेल्या नगराची जात मात्र निराळी. रविदासांचं 'बेगमपुरा' घ्या. तिथे कर नाही, भीती नाही, आणि ज्याला जिथे फिरायचं तिथे फिरावं, महालातही कुणी अडवत नाही. मला माहीत असलेल्या स्वप्ननगऱ्यांत वेस नसलेली एवढीच. तिचा कारभार कसा चालतो हे रविदास सांगत नाहीत. तरी गेल ऑम्व्हेट यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्या पदाला युटोपियाच मानलंय.

आणि आता आजची वेस. निपाणीकडच्या एका रेशन दुकानात बघितलेली गोष्ट. आयुष्यभर विड्या वळलेली एक आज्जी, समोर अंगठ्याचं यंत्र. तांबडा दिवा लागला. "आज्जी, बोट पुसून परत ठेव की." तिने पदराला बोट पुसून परत ठेवलं. परत तांबडा. मग दुसरा हात, मग मधलं बोट. मागे रांग. दुकानदार यंत्रावर वैतागलेला, तिच्यावर नव्हे, कारण तो तिला तीस वर्षं ओळखतो. ओळखत नव्हतं ते यंत्र.

यात कट नाही, साधं भौतिकशास्त्र आणि गणित आहे. यंत्र अख्खा अंगठा बघत नाही. कातडीवरच्या रेघा जिथे संपतात आणि जिथे फुटतात, त्या जागा टिपून आधारच्या साठवलेल्या ठशाशी पडताळल्या जातात. वय झालं की कातडी कोरडी आणि सैल होते. पानं कातरून, तंबाखू भरून, दोरा आवळून रोजच्या शेकडो विड्या वळल्या की रेघा झिजतात. मग किती जुळलं म्हणजे माणूस तोच मानायचा? हा आकडा आधी कुणीतरी ठरवून ठेवलेला असतो. तो वर चढवला तर दुसऱ्याच्या नावावर धान्य उचलणारा अडतो, पण झिजल्या बोटांची माणसंही अडतात. खाली आणला तर उलटं होतं. दोन्ही चुका एकदम शून्य करणारा आकडा प्रत्यक्षात सापडत नाही. चांगल्या सेन्सरने दोन्ही कमी होतात, पण उरतातच. ऑर्वेलच्या नायकाला सतत कुणीतरी पाहतंय याची धास्ती होती. या रांगेतली धास्ती उलटी आहे, आपण दिसलोच नाही तर?

आकडा कुठे ठेवायचा हे दुकानात ठरत नाही. मात्र चूक झाली तर काय करायचं, याची सोय कागदावर आहे. केंद्राच्या अन्न खात्याने ऑक्टोबर २०१७ मध्ये सगळ्या राज्यांना कळवलं होतं की आधार नाही किंवा ठसा जुळला नाही म्हणून रेशनकार्डवाल्याला रिकाम्या हाताने परत पाठवू नये. त्याचं नाव वेगळ्या नोंदवहीत लिहून धान्य द्यावं. तुमच्या गावच्या दुकानात ही नोंदवही आहे का, आणि असली तर तिच्यात या वर्षी किती नावं लिहिली गेली, हे एकदा काउंटरवर विचारून बघा.