रक्तात भरपूर ‘ड’, तरीही मुडदूस

काही मुलांना मुडदूस होतो, पाय वाकतात, हाडं मऊ राहतात. रक्त तपासावं, तर सक्रिय ‘ड’ जीवनसत्त्व नेहमीपेक्षा कितीतरी जास्त! दोष असतो पेशीतल्या एका प्रथिनात. हा आनुवंशिक आजार दुर्मीळ आहे, पण ‘ड’चं खरं काम कुठे चालतं ते त्याच्यामुळे लख्ख दिसतं.

उन्हामुळे त्वचेत तयार झालेलं किंवा गोळीतून मिळालेलं ड-३ जवळजवळ निष्क्रिय असतं. यकृतात आणि मग मूत्रपिंडात त्याला एकेक हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) जोडला जातो आणि कॅल्सिट्रायॉल, म्हणजेच सक्रिय ‘ड’, बनतं. हे चक्क संप्रेरक आहे. स्निग्ध असल्यामुळे ते पेशीचं आवरण सहज ओलांडतं आणि आत ‘व्हीडीआर’ नावाच्या ग्राहक प्रथिनाला चिकटतं. त्या प्रथिनाचा आकार बदलतो, ‘आरएक्सआर’ हे दुसरं प्रथिन त्याच्या जोडीला येतं आणि ही जोडी डीएनएवरच्या ठरावीक जागी बसते: सहा अक्षरांचा क्रम, मध्ये तीन अक्षरं, पुन्हा जवळपास तोच क्रम. तिथून काही जनुकं चालू होतात, काही मंदावतात.

आतड्याच्या पेशीत यातून कॅल्शियम आत घेणाऱ्या वाहिन्या आणि ते पलीकडे नेणारी प्रथिनं वाढतात. ‘ड’ नसेल तर अन्नातलं १० ते १५ टक्केच कॅल्शियम शोषलं जातं. असेल तर ३० ते ४० टक्के. वर सांगितलेल्या मुलांमध्ये बिघडलेला असतो तो हाच ग्राहक. त्यांना कॅल्शियम थेट शिरेतून दिलं की हाडं सुधारू लागतात! म्हणजे हाडांसाठी या ग्राहकाचं सर्वांत मोठं काम आतड्यातच आहे.

मला सर्वांत विलक्षण वाटतं ते पुढचं. कॅल्सिट्रायॉल ज्या जनुकांना जागं करतं, त्यांतलं एक त्यालाच मोडून टाकणारं विकर बनवतं. हे विकर जन्मतः सदोष असलेल्या बाळांमध्ये ‘ड’च्या नेहमीच्या मात्रेनेही रक्तातलं कॅल्शियम धोकादायक वाढू शकतं.

आणि म्हणूनच कमतरता शोधताना प्रयोगशाळा कॅल्सिट्रायॉल मोजत नाही. ते काही तासांतच निम्मं होतं. शिवाय ‘ड’ कमी पडलं की पॅराथायरॉइड संप्रेरक मूत्रपिंडाला जोर लावायला लावतं आणि कॅल्सिट्रायॉलचा आकडा फसवा, ठीकठाक दिसतो. मोजलं जातं ते यकृतातून बाहेर पडलेलं रूप, जे रक्तात निम्मं व्हायला दोन-तीन आठवडे लागतात.