शेंदूर: देवाच्या अंगावरचं शिसं

पूजासाहित्याच्या दुकानात गेरू आणि शेंदूर बहुतेक वेळा एकाच फळीवर असतात. दोन्ही धातूंची ऑक्साइडं आणि दोन्ही लालसर. गेरू म्हणजे लोखंडाचं ऑक्साइड आणि माती. अंगण सारवताना किंवा कुंडी रंगवताना हाताला लागला तर फारसं बिघडत नाही. शेंदराचं तसं नाही. अस्सल शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड. त्याच्या एका रेणूत शिशाचे तीन अणू आणि ऑक्सिजनचे चार. वजनाने पाहिलं तर शंभरातले नव्वद भाग नुसतं शिसं. एवढीशी पुडी हाताला जड लागते ती यामुळेच.

मारुती, गणपती, म्हसोबा, वेशीवरच्या देवी यांना पिढ्यान्‌पिढ्या तेल-शेंदूर लावला जातो. तेलात कालवलेला शेंदूर घट्ट बसतो, कारण तेलातली आम्लं आणि शिसं यांचा संयोग होऊन एक चिवट थर तयार होतो. लोखंड गंजू नये म्हणून जगभर हाच पदार्थ जवसाच्या तेलात घालून वापरत. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलाला मुळात शिशाचाच प्राइमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, होता, तो पुढे काढून टाकण्यात आला. आपल्याकडे देवाच्या अंगावर मात्र थरावर थर चढतच राहतात. वणीच्या सप्तशृंगी देवीच्या मूर्तीवरचा शेंदूर 2022 मध्ये तज्ज्ञांच्या मार्गदर्शनाखाली उतरवला, तेव्हा तो हजार किलोंहून अधिक भरला. त्याखालचं मूळ रूप पाहून भाविकांचे डोळे भरून आले. मला ती बातमी वाचताना आणखी एक गोष्ट मनात आली: अशी कामं राज्यभर लहान-मोठ्या देवळांत गावची मंडळी स्वतःच करतात. खरवडताना उडणारी धूळ कुणाच्या छातीत जाते, हा प्रश्न तिथे कुणी विचारतं का?

शेंदूर लावलेली मूर्ती पाहिल्याने, तिला हात जोडल्याने काही होत नाही. निरोगी कातडीतूनही हे शिसं जवळजवळ शिरत नाही. ते शिरतं दोन वाटांनी, श्वासातून आणि तोंडातून. बारीक भुकटी खोलवर फुप्फुसात गेली की तिच्यातलं बरंचसं शिसं रक्तात उतरतं. तोंडावाटे गेलेला शेंदूर पाण्यात विरघळत नाही खरा, पण पोटातल्या आम्लात विरघळतो. मोठ्या माणसाचं आतडं त्यातला साधारण दहावा हिस्सा शोषून घेतं, लहान मुलाचं निम्म्यापर्यंत. पोटात कॅल्शियम आणि लोह कमी असेल तर हे प्रमाण आणखी वाढतं. आपल्या घरांत लोहाची कमतरता किती मुलांत आणि बायकांत असते, हे वेगळं सांगायला नको.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार रक्ताच्या 100 मिलिलिटरमागे 5 मायक्रोग्रॅम (मायक्रोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग) शिसं सापडलं, की ते कुठून येतंय ते शोधून थांबवायचं. याहून कमी पातळी सुरक्षित, असं मात्र नाही. मुलांसाठी सुरक्षित पातळी कुणालाच ठरवता आलेली नाही. चार-पाच वर्षांच्या मुलाच्या अंगात साधारण सव्वा लिटर रक्त असतं. त्या सगळ्या रक्ताची पातळी 5 वर न्यायला साठ-पासष्ट मायक्रोग्रॅम शिसं पुरतं. पोटात गेल्यापैकी निम्मंच शोषलं जातं असं धरलं, तरी हे शिसं मिलिग्रॅमच्या सातव्या भागाएवढ्या शेंदरातून मिळतं. तिळाचा एक दाणा साधारण 3 मिलिग्रॅमचा असतो. म्हणजे तिळाच्या विसाव्या हिश्श्याएवढा शेंदूर नखात राहिला आणि बोट तोंडात गेलं, तर तेवढंही पुष्कळ झालं.

आत गेल्यावर शिसं कॅल्शियमचं सोंग घेतं. कॅल्शियमच्या वाटांनी ते मेंदूत शिरतं आणि हाडांत जाऊन बसतं. रक्तातलं शिसं महिन्याभरात निम्म्यावर येतं. हाडांतलं मात्र दहा-वीस वर्षं आणि त्याहूनही जास्त मुक्काम करतं. बाई गरोदर राहिली की हाडांतून कॅल्शियम निघतं, त्याच्याबरोबर हे जुनं शिसंही रक्तात येतं आणि नाळेतून बाळापर्यंत पोचतं. रक्तातलं हिमोग्लोबिन तयार करणारी विकरं (एन्झाइम) शिशाने अडतात, म्हणून अंगात रक्त कमी होतं. पोटात कळा, बद्धकोष्ठ, चिडचिड, वाढलेला रक्तदाब, मूत्रपिंडाची हानी हे पुढचं. मुलांत बहुतेक वेळा काहीच दिसत नाही. फक्त शिकणं आणि लक्ष लागणं मंदावतं, आणि झालेलं नुकसान भरून येत नाही.

गायकाचा आवाज घालवायला कुणीतरी शेंदूर चारला, अशा गोष्टी आपण ऐकत आलो. त्यातली एखादी खरी असेल-नसेल, पण शिसं नसांवर घाला घालतं हे पक्कं आहे. जुन्या काळी शिशाचे रंग लावणाऱ्या रंगाऱ्यांचं मनगट लुळं पडे. शिशाची बाधा झालेल्या घोड्यांच्या स्वरयंत्राचे स्नायू लुळे पडून त्यांचा श्वास घरघरतो, हे पशुवैद्यांना चांगलं ठाऊक आहे.

बाजारातल्या प्रत्येक पुडीत अस्सल शेंदूरच असतो असंही नाही. कित्येकदा पांढऱ्या भुकटीला केशरी रंग दिलेला असतो. अडचण ही, की पुडीवर काहीच लिहिलेलं नसतं. उलट भांगात भरायच्या सिंदुरात शिसं सापडतं. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात न्यू जर्सीतल्या आणि भारतातल्या दुकानांमधले 118 नमुने तपासले होते. त्यांपैकी सुमारे 80 टक्के नमुन्यांत कमी-अधिक शिसं होतं. न्यू जर्सीत कितीतरी मराठी घरं आहेत. तिथे हळदीकुंकवाच्या तबकात काय ठेवायचं, याचा विचार व्हायला हवा.

घरी आणि देवळात काय करता येईल? शेंदूर खाण्या-पिण्याच्या वस्तूंपासून आणि मुलांच्या हातापासून दूर, झाकणाच्या डबीत ठेवावा. कोरडा उधळू नये, चाळू नये. आधी तेल घेऊन त्यात हलकेच सोडावा म्हणजे धूळ उडत नाही. लेप लावताना हातमोजे घालावेत. सगळ्यात कळीचं म्हणजे त्यानंतरचे हात. शेंदूर लावणारे गुरव किंवा पुजारी त्याच हातांनी प्रसाद देतात, आणि तो आधी मुलांच्या ओंजळीत पडतो. मधे साबणाने हात धुतले, नखं घासली, तर धोका पुष्कळ घटतो. हाताला चोळायचं सॅनिटायझर इथे उपयोगाचं नाही. शिसं त्याने मरत नाही, ते धुऊनच काढावं लागतं.

जुना थर उतरवायचा असेल तर तो ओला ठेवून काढावा. ग्राइंडर, ब्लोटॉर्च, कोरडा ब्रश नको. साधा रुमाल ही धूळ अडवत नाही. निदान एन-95 मास्क हवा. झाडू मारण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावं, कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुऊ नयेत, आणि मुलं व गरोदर बायका त्या वेळी गाभाऱ्यात नसाव्यात. उतरवलेला शेंदूर पवित्र म्हणून नदीत किंवा विहिरीत सोडण्याची रीत आहे. ती मात्र थांबायला हवी, कारण शिसं कुजत नाही, गाळात तसंच राहतं. तो बंद डब्यात भरून प्रदूषण नियंत्रण मंडळाला विचारून घातक कचऱ्यासोबत द्यावा.

वर्षानुवर्षं हे काम केलेल्या माणसाने रक्तातल्या शिशाची तपासणी करून घ्यावी. शिरेतून थोडं रक्त घेऊन ती मोठ्या प्रयोगशाळांत होते. पातळी फार वाढली असेल तर शिसं बाहेर काढणारी औषधं डॉक्टर देतात. पण ती घेऊन माणूस पुन्हा त्याच धुळीत गेला तर उपयोग होत नाही, म्हणून उपचाराची पहिली पायरी शेंदराशी संपर्क थांबवणं हीच असते.