हॅम्नेट (कादंबरी)

उत्तर आयर्लंडमध्ये जन्मलेल्या लेखिका मॅगी ओ'फॅरेल (जन्म १९७२) यांची ही इंग्रजी कादंबरी २०२० साली प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी तिला ब्रिटनमधील 'विमेन्स प्राइझ फॉर फिक्शन' हा पुरस्कार मिळाला. विल्यम शेक्सपियरचा एकुलता एक मुलगा हॅम्नेट अकराव्या वर्षी वारला. त्याच्या जाण्याने मागे राहिलेल्या घराचे, विशेषतः त्याच्या आईचे, काय झाले, हा कादंबरीचा विषय आहे.

या मुलाविषयी इतिहासाला फार थोडे ठाऊक आहे. स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हन या गावी २ फेब्रुवारी १५८५ रोजी हॅम्नेट आणि ज्युडिथ या जुळ्या भावंडांचा बाप्तिस्मा झाला. सुझॅना ही त्यांची थोरली बहीण. ११ ऑगस्ट १५९६ रोजी हॅम्नेटचे दफन झाल्याची नोंद तेथील चर्चच्या दप्तरात आहे. मृत्यूचे कारण त्या नोंदीत नाही. त्यानंतर चार-पाच वर्षांच्या आत शेक्सपियरने 'हॅम्लेट' हे नाटक लिहिले. त्या काळी स्ट्रॅटफर्डमध्ये हॅम्नेट आणि हॅम्लेट ही एकाच नावाची दोन रूपे मानली जात. मेलेल्या मुलाचे नाव बापाने नाटकाला का दिले असेल, आणि ते कानावर पडल्यावर आईला काय वाटले असेल, या दोन प्रश्नांवर कादंबरी उभी आहे. स्वतःचा मुलगा अकरा वर्षांचा होऊन पुढे जाईपर्यंत आपल्याला ही कादंबरी लिहिण्याचा धीर झाला नाही, असे लेखिकेने मुलाखतींत सांगितले आहे.

शेक्सपियरचे नाव कादंबरीत एकदाही येत नाही. तो कधी लॅटिनचा शिक्षक असतो, कधी नवरा, कधी बाप. ही नुसती लेखनातली युक्ती नव्हे. ते नाव पानावर आले असते, तर त्याच्या वजनाखाली बाकीचे घर दबून गेले असते. ते नसल्यामुळे कथेचा मध्य त्याच्या पत्नीकडे सरकतो. इतिहास तिला ॲन हॅथवे म्हणून ओळखतो, पण तिच्या वडिलांच्या मृत्युपत्रात तिचा उल्लेख ॲग्नेस असा आहे आणि लेखिकेने तेच नाव घेतले आहे. ही ॲग्नेस झाडपाल्याची औषधे देते, मधमाश्या पाळते, तरुणपणी ससाण्याच्या जातीचा पक्षी बाळगते आणि समोरच्याचा अंगठा व तर्जनी यांमधला मांसल भाग चिमटीत धरून त्याचे मन ओळखते. जाणकार, गूढ, गावाने चेटकीण ठरवलेली स्त्री हा साचा ऐतिहासिक कादंबऱ्यांत जुना आहे आणि पूर्वार्धात ॲग्नेस काही वेळा त्या साच्याच्या फार जवळ जाते. मुलगा गेल्यावर मात्र हे सगळे ज्ञान निरुपयोगी ठरते. आपल्याला सगळे आधी कळते असे मानणाऱ्या बाईला हेच तेवढे कळले नव्हते, आणि तिथून पुढे ती कोणत्याही साच्यात मावत नाही.

पहिल्या भागात दोन काळ आलटून पालटून येतात : १५९६ मधला आजारपणाचा दिवस आणि ॲग्नेसच्या लग्नाच्या आगेमागची वर्षे. सुरुवातीलाच हॅम्नेट जिना उतरून खाली येतो. ज्युडिथला एकाएकी ताप भरलेला असतो आणि तो कोणा मोठ्या माणसाला शोधत खोल्यांमागून खोल्या पालथ्या घालतो. आजी घरात नाही, आत्या नाही, आई दूरच्या शेतावर मधमाश्यांपाशी, बाप लंडनला. सापडतो तो एकटा आजोबा, हातमोजे बनवणारा, तापट आणि हात उगारणारा. हाक मारायला एरवी घर भरलेले असते, आणि नेमक्या त्या तासाला कोणी नसते. पुढे ॲग्नेस उरलेल्या आयुष्यात याच तासाकडे पुन्हा पुन्हा परत जाते.

आजार प्लेगचा आहे, हे लेखिकेचे गृहीत. मराठीत जुन्या पिढीने ज्याला ग्रंथिक सन्निपात म्हटले तोच हा रोग. एका स्वतंत्र प्रकरणात तो स्ट्रॅटफर्डपर्यंत कसा पोहोचतो ते येते : अलेक्झांड्रियातल्या माकडाच्या अंगावरची पिसू, जहाजावरचा पोऱ्या, व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावरचे काचेचे मणी, त्या मण्यांभोवती गुंडाळलेल्या चिंध्या आणि शेवटी ती पेटी उघडणारी ज्युडिथ. या साखळीतल्या कोणाचाही हेतू वाईट नाही. शेक्सपियरच्या नाटकांतून प्लेग जवळजवळ अदृश्य आहे. 'रोमिओ अँड ज्युलिएट'मध्ये साथीच्या संशयावरून घर बंद केले जाते आणि महत्त्वाचे पत्र पोहोचत नाही, हा त्यातला ठळक अपवाद.

ज्युडिथ मरणार असे सर्वांना वाटते. ही जुळी भावंडे लहानपणापासून एकमेकांचे कपडे घालून घरच्यांना चकवत आलेली. हॅम्नेट बहिणीशेजारी आडवा होतो, तिची जागा घेतो आणि मृत्यूलाही तसेच चकवू पाहतो. ती वाचते, तो जातो. ज्युडिथ आजारी असल्याचे पत्र मिळून धावत आलेला बाप दारात तिला हिंडताफिरताना पाहतो, सुटकेचा श्वास टाकतो आणि मग त्याला कळते. मृतदेहाला स्नान घालण्याचे आणि कफनात गुंडाळण्याचे काम ॲग्नेस स्वतः करते. ही पाने मुद्दाम संथ लिहिली आहेत आणि कादंबरीतली सर्वांत सामर्थ्यवान पाने तीच आहेत.

दुसऱ्या भागात घरातले प्रत्येक जण वेगळेपणाने दुःख करते. बाप थोड्याच दिवसांत लंडनला परततो; काम आहे, नाटक कंपनी आहे. त्याला घरात श्वास घेता येत नाही आणि ॲग्नेसला घर सोडता येत नाही. दोघांचे दुःख एकच असूनही ते एकमेकांना वाटून घेता येत नाही. घरकारभार आपसूक सुझॅनाच्या अंगावर येतो, आणि तिचा भाऊही गेला आहे याची आठवण कोणाला फारशी राहत नाही. ज्युडिथ आईला विचारते, की नवरा गेला की बाई विधवा होते, आईबाप गेले की मूल अनाथ होते. मग मी आता कोण? आईजवळ त्याला शब्द नसतो. मराठीतही विधवा, विधुर, पोरका हे शब्द आहेत. मूल गेलेल्या आईबापांना किंवा जुळे भावंड गेलेल्याला रोजच्या बोलण्यात शब्द नाही. 'पुत्रशोक' हा शब्द दुःखाला नाव देतो, माणसाला नाही. संस्कृतातला 'मृतवत्सा' वैद्यकाच्या पोथ्यांतच राहिला.

नाटकाच्या जाहिरातीचा कागद हाती पडतो तेव्हा मुलाचे नाव असे चव्हाट्यावर आणल्याबद्दल ॲग्नेस संतापते आणि भावाला घेऊन लंडन गाठते. नाट्यगृहात राजपुत्राच्या मेलेल्या बापाच्या भुताच्या भूमिकेत नवरा असतो आणि समोर जिवंत, तरुण राजपुत्र, ज्याला आपल्या मुलासारखे चालायला, मान वळवायला शिकवलेले तिला ओळखू येते. बापाने मुलाबरोबर जागा बदलली आहे, जसा मुलगा बहिणीबरोबर बदलू पाहत होता. शेक्सपियर स्वतः भुताचे काम करीत असे, ही आख्यायिका त्याचा आरंभीचा चरित्रकार निकोलस रो याने १७०९ मध्ये नोंदवली. हा शेवट अनेकांना उत्कट वाटतो, आणि तो आहेही. तरी एका नाटकाने एवढ्या वर्षांची अबोल दरी इतकी भरून यावी, हे आधीच्या शंभर पानांच्या प्रामाणिकपणापुढे थोडे सोपे वाटते.

लोलिता चक्रवर्ती यांनी केलेले नाट्यरूपांतर रॉयल शेक्सपियर कंपनीने २०२३ मध्ये स्ट्रॅटफर्ड येथे रंगभूमीवर आणले. क्लोई झाओ दिग्दर्शित चित्रपट २०२५ मध्ये आला. पटकथा झाओ व ओ'फॅरेल यांची असून जेसी बकली यांनी ॲग्नेसची भूमिका केली आहे.

मराठी वाचकाला 'हॅम्लेट' गोपाळ गणेश आगरकर यांच्या 'विकारविलसित' (१८८३) या भाषांतरातून भेटले आणि गणपतराव जोशी यांनी ते रंगभूमीवर गाजवले. त्या काळच्या रीतीप्रमाणे नायकाचे नावही तिथे देशी झाले होते : चंद्रसेन. बापाने नाटकात जपून ठेवलेले मुलाचे नाव त्या प्रयोगांत कोणाच्या कानावर पडत नसे.