दिनमानाचा आलेख (सातारा–सांगली)

सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतचा काळ म्हणजे दिनमान. त्याचा आलेख काढताना आडव्या अक्षावर बारा महिने आणि उभ्या अक्षावर घड्याळाचे तास घेतात. उगवतीची एक रेघ, मावळतीची दुसरी. मधला पट्टा उजेडाचा.

पृथ्वीचा आस सुमारे २३.४ अंश कललेला असल्याने पट्ट्याची रुंदी बदलते. किती, ते अक्षांशावर ठरते. विषुववृत्तावर ती वर्षभर जवळजवळ सारखीच. साताऱ्यात (१७.७ अंश उत्तर) २१ जूनच्या सुमारास दिनमान १३ तास ११ मिनिटे, तर २२ डिसेंबरच्या सुमारास ११ तास ४ मिनिटे असते. पंचांगाच्या मापात हा फरक सव्वापाच घटींचा (एक घटी म्हणजे २४ मिनिटे). सांगली दक्षिणेला असल्याने तिथे तो किंचित कमी. श्रीनगरला हाच फरक साडेचार तासांचा, लंडनला पावणेनऊ तासांचा. उत्तर ध्रुववृत्तापलीकडे ऐन जूनमध्ये सूर्य मावळतच नाही, म्हणून दोन्ही रेघा नाहीशाच होतात.

साताऱ्याच्या पट्ट्याची खरी गंमत मात्र रुंदीत नाही, तिरकेपणात आहे. सूर्य सर्वांत लवकर मावळतो तो नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, सहाला दोन-तीन मिनिटे कमी असताना; सर्वांत उशिरा उगवतो तो जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात. सर्वांत लहान दिवस या दोहोंच्या मध्ये. कक्षेचा लंबगोल आकार आणि आसाचा कल यांमुळे मध्यान्हच, म्हणजे सूर्य सर्वांत उंच असण्याची घड्याळी वेळच, सरकते: नोव्हेंबरच्या आरंभी १२.१८, फेब्रुवारीच्या मध्यास १२.४८. दिनमान इथे इतके सावकाश बदलते की हे सरकणे त्याच्यावर मात करते. संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो म्हणतात. २२ डिसेंबरपासून तोवर जमा झालेली असतात अवघी सहा मिनिटे, आणि तीही सगळी संध्याकाळच्या पदरात. सकाळच्या शाळेला निघालेल्या पोरांना अंधार उलट वाढलेलाच दिसतो. मार्चमध्ये मात्र दिवस रोज मिनिटभराने वाढतो.

आलेख क्षितिज सपाट धरतो. साताऱ्यात यवतेश्वराच्या डोंगराआड सूर्य छापील वेळेआधीच जातो; सांगलीच्या कृष्णाकाठी, मोकळ्या रानात, रेघ आणि डोळा बऱ्यापैकी जुळतात.

शेतीत या रेघांना मोल आहे. ऑगस्टअखेर दिनमान साडेबारा तासांवर उतरू लागले की उसाच्या शेंड्यात तुऱ्याची (फुलोऱ्याची) घडण सुरू होते. तो बाहेर दिसतो पुढे दोन-तीन महिन्यांनी. तुरा आला की उसाची वाढ थांबते, आणि तोड फार लांबली तर ऊस पोकळ पडून वजनात मार बसतो.